शेवळं : पहिल्या पावसाचं फूल – ओळखणं, लावणं आणि खाणं
(परिसर अभ्यास, इयत्ता 3 री ते 5 वी)



'फुलाचे भाग' हा पाठ आपण सगळेच घेतो. जास्वंद आणतो, पाकळ्या मोजतो, पुंकेसर दाखवतो आणि पाठ संपतो. जास्वंद चांगलीच आहे, पण आमच्या जामसरच्या परिसरातल्या पोरांना जास्वंदीपेक्षा जास्त जवळचं एक फूल आहे. ते पोरं तोडून आणतात, आई निवडते, बाजारात विकते आणि रात्री ताटातही येतं. फक्त ते पुस्तकात नाही. म्हणून पोरांना वाटतं, हे काही 'शिकायचं' फूल नाही. हे फूल म्हणजे शेवळं. कुणी शेवळ म्हणतं, कुणी शेवळा. या लेखात शेवळाचा पूर्ण पाठ देत आहे : वर्गात कसा घ्यायचा, परसबागेत कंद कसा लावायचा, आणि घरी भाजी करताना काय सांभाळायचं.

हा पाठ जूनमध्येच का घ्यायचा?

शेवळाला मुहूर्त असतो. वळवाचे दोन-चार शिंतोडे पडले, जमीन थोडी भिजली, की मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत शेवळं जमिनीतून वर येतात. दोन-तीन आठवड्यांत हंगाम आटोपतो. आपली शाळा जूनच्या मध्याला उघडते. म्हणजे शाळेची घंटा होते तेव्हा शेवळं जवळजवळ संपलेली असतात. 'फुलाचे भाग' येईपर्यंत तर झाडावर नुसतं पान उरतं. म्हणून पाठ्यक्रमाची वाट पाहू नका. शाळा उघडल्या-उघडल्या पहिल्याच आठवड्यात हा पाठ घ्या. पालकांना सुट्टीतच सांगून ठेवा की दोन-चार शेवळं उमलू द्या, तोडू नका, पोरांना दाखवा.

दुसरं कारण जरा गंभीर आहे. जव्हार-मोखाड्यातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात. वीटभट्टी, बांधकाम, भिवंडी-वसईकडची मजुरी. पावसाच्या तोंडावर परत येतात. तेव्हा घरातलं धान्य तळाला गेलेलं असतं आणि नवीन पीक दसरा-दिवाळीशिवाय हाताला लागत नाही. नेमक्या याच दिवसांत रान भाजी देतं : शेवळं, लोत, कुळी, टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब. 1992 साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हार तालुका साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाला. तेव्हापासून पावसाळ्याचे महिने आपल्याकडे काळजीचे महिने मानले जातात. शेवळं खाल्ल्यानं कुपोषण हटतं असा दावा मी करत नाही. त्याला पोटभर धान्य, डाळ, तेल, अंडी, दवाखाना हे सगळं लागतं. पण अडचणीच्या महिन्यात फुकट मिळणारी ताजी भाजी ओळखता येणं ही छोटी गोष्ट नाही. जी पोरं आईबापाबरोबर सहा-सहा महिने भट्टीवर राहतात, त्यांची ही ओळख आजीकडून व्हायची राहून जाते. तिथे शाळेनं हात द्यायचा.

अध्ययन निष्पत्ती

पाठ संपेपर्यंत मुलांना खालील गोष्टी यायला हव्यात :

1. शेवळं हे एक फूल नसून फुलोरा आहे, हे भाग दाखवून सांगता येणं.
2. पान नसताना फूल कसं येतं, याचं कारण कंदाशी जोडता येणं.
3. शेवळं का खाजतं आणि घरचे त्यावर काय उपाय करतात, हे सांगता येणं.
4. किती तोडायचं आणि किती ठेवायचं, याचा नियम स्वतः ठरवता येणं.

शेवळं म्हणजे नेमकं काय?

शेवळाचं शास्त्रीय नाव ॲमॉर्फोफॅलस कम्युटॅटस. हे सह्याद्री आणि त्याच्या आजूबाजूच्या प्रदेशातलं झाड. कुळ ॲरेसी, म्हणजे अळूचं कुळ. मुलांना 'कुळ' हा शब्द नातेवाइकांतून पटकन कळतो. अळू शेवळाचा लांबचा भाऊ, सुरण सख्खा चुलतभाऊ. शहरात कुंडीत लावतात ते मनीप्लांट आणि पुष्पगुच्छात असतं ते अँथुरियम, हीसुद्धा याच घरातली माणसं. याच ॲमॉर्फोफॅलसमधला एक दादा इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर राहतो. इटलीचे वनस्पतीशास्त्रज्ञ बेक्कारी यांनी 1878 साली तो जगासमोर आणला आणि 1889 साली लंडनजवळच्या क्यू बागेत त्याला फुलोरा आला. हा फुलोरा तीन मीटरपर्यंत उंच होतो. आजही तो कुठल्या बागेत उमलला की लोक रांगा लावून पाहायला जातात. हे सांगितलं की आमच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "बाई, मग आपलं शेवळं पाहायला कोण येत नाय?" या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. पोरांनाच द्यायला लावते.

आता भाग पाहू. उमललेलं एक शेवळं मध्ये ठेवा आणि हात न लावता पाहायला सांगा.

बाहेरून जे तपकिरी-जांभळट, होडीसारखं आवरण दिसतं त्याला महाछद म्हणतात. मुलं त्याला पाकळी म्हणतील. ती पाकळी नाही, ते फुलोऱ्याला झाकणारं एक बदललेलं पान आहे. आत मधोमध जो जाड दांडा उभा असतो, तो स्थूलकणिश. त्याचा वरचा लांब, गुळगुळीत, टोकदार भाग म्हणजे नुसतं उपांग, त्यावर फुलं नसतात. खरी फुलं खाली, आवरणाच्या आत दडलेली असतात. दाण्यासारखी बारीक, एकमेकांना चिकटलेली. सगळ्यात खाली मादी फुलं, त्यांच्या वरच्या बाजूला नर फुलं. म्हणजे आपण ज्याला 'एक शेवळं' म्हणतो, ते बारीक फुलांचं अख्खं गाव आहे. झेंडू आणि सूर्यफूलही असेच फुलोरे. ही तुलना जरूर करा, पुढच्या इयत्तेत उपयोगी पडते.

वास विचारा. मोठी मुलं नाक मुरडतील. ॲमॉर्फोफॅलसच्या फुलोऱ्यांना सडक्या वस्तूसारखा वास येतो. मधमाश्या अशा वासाला येत नाहीत, पण सडक्या वस्तूंवर जगणारे भुंगेरे आणि माश्या येतात. आधी मादी फुलं तयार होतात, नर फुलांतून पराग नंतर सुटतो. त्यामुळे एकाच फुलोऱ्याचा पराग त्याच्याच मादी फुलांवर पडत नाही. एका शेवळातून पराग माखून निघालेला भुंगेरा दुसऱ्या, नुकत्याच उमललेल्या शेवळात शिरला की परागीभवन होतं. 'फूल म्हणजे सुंदर आणि सुवासिक' ही समजूत इथे मोडते आणि परागीभवन खऱ्या अर्थानं कळतं. वास हा फुलानं कीटकाला धाडलेला सांगावा आहे. कुणाला बोलवायचंय, त्यावर तो कसा हे ठरतं.

पाठाचा गाभा : पान नाही तर जेवण कुठून?

मुलांनी चौथीपर्यंत शिकलेलं असतं की झाडाचं अन्न पानात तयार होतं. आता विचारा, शेवळं वर येतं तेव्हा झाडाला एकही पान नसतं. मग एवढ्या मोठ्या फुलोऱ्याला अन्न कुणी दिलं?

दोन मिनिटं गप्प बसा, पोरं बोलतील. कुणी म्हणेल पावसानं, कुणी म्हणेल मातीनं. मग जमिनीखालचा कंद दाखवा. (हा शाळेच्या परसबागेतला किंवा बांधावरचा असावा, रानातून उपटलेला नको.) या कंदाला घनकंद म्हणतात. गेल्या पावसाळ्यात पानानं जे अन्न बनवलं, ते यात साठवून ठेवलेलं असतं. घरी कणगीत भात ठेवतो तसंच. शेवळं ही त्या साठ्यातून केलेली खर्ची आहे.

फुलोरा संपला की, पाऊस लागल्यावर, एक गुंडाळलेलं पान वर येतं आणि छत्रीसारखं उघडतं. खोडासारखा दिसणारा ठिपकेदार भाग हे खोड नाही, तो पानाचा देठ. वर फांद्यांसारखं दिसतं ते सगळं मिळून एकच पान. हे पान पावसाळाभर झाडांच्या सावलीत उभं राहतं, वरून गाळून आलेल्या थोड्या उजेडावर अन्न बनवतं आणि नवीन कंद भरतं. जुना कंद आकसून जातो, त्याच्या जागी नवा तयार होतो. थंडी लागली की पान पिवळं पडून लोळतं. मग कंद पुढच्या वळवापर्यंत जमिनीत झोपून राहतो.

यातून सावलीचं गणितही सुटतं. मे महिन्यात ऐन, साग, पळस यांची पानं गळलेली असतात किंवा नुकती फुटत असतात. फुलोऱ्याला उजेडाची गरजच नसते, कारण तो साठ्यावर येतो. पान येतं तेव्हा वर रान हिरवंगार झालेलं असतं, म्हणून ते एकच पण खूप पसरलेलं असतं. सगळी छत्री उजेड झेलायला.

किती तोडायचं?

आता खरा प्रश्न. बाजारात जुडीत येतं ते उमललेलं शेवळं नसतं, मिटलेलं असतं. उमललं की भाजीला घेत नाहीत. म्हणजे खायला तोडलेल्या प्रत्येक शेवळाचं परागीभवन व्हायचं राहिलेलं असतं. बी धरत नाही. कंद जमिनीत शाबूत असतो म्हणून तेच झाड पुढच्या वर्षीही येईल, पण नव्या जागी नवीन झाड उगवायचं तर बी हवं. एका पट्ट्यातली सगळी शेवळं दरवर्षी तोडली, तर तिथे जुनी झाडं तेवढी उरतात. ती डुकरानं उकरली किंवा जेसीबीनं गेली की जागा रिकामी.

शेवळाचं कोवळं, गुंडाळलेलं पानही आपण खातो. बऱ्याच ठिकाणी त्याला लोत म्हणतात. झाडाला वर्षाला एकच पान. ते कापलं की त्या वर्षीची कणगी रिकामी. ज्या झाडाचं शेवळं तोडलं त्याचंच लोतही तोडलं, तर कंदाला दोन्हीकडून मार. हे पोरांना कणगीच्या भाषेत सांगितलं तर लगेच कळतं.

मी फळ्यावर नियम लिहून देत नाही. गटात चर्चा करायला देते आणि गट नियम ठरवतात. आमच्याकडे साधारण असे नियम निघतात : एका ठिकाणची चारातली एक तरी शेवळं उमलू द्यायची. ज्याचं फूल घेतलं त्याचं पान घ्यायचं नाही. बारक्या झाडाचं पान कधीच नाही. कंद उपटायचा नाही. काही मुलं म्हणतात, "आपण ठेवलं तर दुसरा तोडंल." हा खराखुरा प्रश्न आहे, तो झटकू नका. उत्तर ग्रामसभेकडे जातं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क दिला, आणि रान राखायची जबाबदारीही ग्रामसभेवर टाकली. पाचवीच्या मुलांना एवढं कळतं. पालकसभेत पोरांचे नियम वाचून दाखवा, मोठ्यांची चर्चा आपोआप सुरू होते.

परसबागेत शेवळं कसं लावायचं?

पोषण आहार योजनेत शाळेची परसबाग असतेच. मेथी, भेंडी, वांगी यांना ऊन लागतं, म्हणून आंब्याखालची किंवा भिंतीच्या आडची सावलीची जागा रिकामी राहते. ती शेवळाला द्या.

*कंद :* पालकांच्या बांधावर किंवा आवारात शेवळाची झाडं असतील तर आईकंदाच्या बाजूला सुटलेली पिल्लं मागून घ्या. रानातून कंद खणून आणायला मुलांना कधीही सांगू नका. आपण झाड वाचवायचा पाठ शिकवतोय.

*वेळ :* एप्रिल-मे, कंद झोपेत असताना. उन्हाळी सुट्टी लागायच्या आधी लावून टाका.

*जागा आणि माती :* पानगळ होणाऱ्या झाडाखाली, पालापाचोळा कुजलेली भुसभुशीत माती. पाणी साचणारी जागा नको, कंद सडतो. थोडा उतार असला तर उत्तम.

*लावणी :* लहान कंद चार बोटं खोल, मोठा वीतभर. डोळा वर. दोन कंदांत हातभर अंतर. वरून पाचोळ्याचा जाड थर.

*पाणी :* उन्हाळ्यात देऊ नका. पाऊस आपलं काम करतो.

*बी :* उमललेल्या फुलोऱ्याला फळं धरली तर ती पिकू द्या. गर धुऊन ताजं बी लगेच सावलीत पेरा. वाळवून ठेवलेलं बी रुजेल याचा भरवसा नाही.

*धीर :* लहान कंदाला आणि बियांच्या रोपाला पहिली काही वर्षं फक्त पान येतं. कंद पुरेसा भरला की मगच शेवळं. तिसरीतल्या मुलानं लावलेलं रोप तो पाचवीतून बाहेर पडेपर्यंत फुलेल की नाही, सांगता येत नाही. मुलांना हे आधीच सांगा. मागच्या वर्गानं लावलं ते आपण पाहतो, आपण लावू ते पुढचा वर्ग पाहील.

प्रयोग आणि नोंदवही

सारख्या आकाराचे सहा कंद घ्या. दोन दाट सावलीत, दोन अर्ध्या सावलीत, दोन उघड्यावर लावा. वर्षभर या नोंदी ठेवा :

- पहिला पाऊस कोणत्या तारखेला पडला
- शेवळं किंवा पान कधी दिसलं
- दर शनिवारी देठाची उंची, सेंटिमीटरमध्ये
- पान कधी पिवळं पडलं
- पुढच्या उन्हाळ्यात कंदाचं वजन : लावताना किती होतं, आता किती

तिसरीला मोजमाप होतं, चौथीला तक्ता, पाचवीला स्तंभालेख. निकाल काय येईल ते आधी सांगू नका. मुलांकडून अंदाज लिहून घ्या आणि पुढच्या वर्षी पडताळा.

भाषेच्या तासाला शेवळं, लोत, कंद यांना घरी काय म्हणतात ते विचारा. एकाच वर्गात वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी, ठाकूर घरांतली मुलं असतात. शब्द वेगळे निघतील. ते तसेच फळ्यावर लिहा, दुरुस्त करू नका.

खाज कशाची आणि उपाय काय?

शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिशय बारीक स्फटिक असतात. कच्चं खाल्लं की ते जिभेला आणि घशाला टोचतात. अळू आणि सुरण खाजतात तेही याचमुळे. नुसतं पाण्यात उकळून हे स्फटिक विरघळत नाहीत, म्हणून आपल्या घरांत शेवळाबरोबर आंबट किंवा तुरट काहीतरी घालतातच. आमच्याकडे पहिली पसंती काकडाच्या फळांना. ही काकडी नव्हे, काकड नावाच्या झाडाची हिरवी फळं. ती शेवळाच्याच दिवसांत तयार होतात. ठेचून, बी काढून भाजीत घालतात. कुठे बोंडाऱ्याचा पाला, कुठे चिंच किंवा आमसूल. रानानं खाज आणि खाजेचा उतारा एकाच महिन्यात दिला, आणि आपल्या आज्यांनी तो शोधून काढला. हेही विज्ञानच आहे, हे मुलांना ठासून सांगा.

भाजीची रीत थोडक्यात : हाताला तेल लावून घ्या. बाहेरची पातळ टरफलं काढा. आवरण उघडून आतल्या दांड्याचा खालचा पिवळसर, दाणेदार भाग काढून टाका, तोच जास्त खाजतो. बाकीचं बारीक चिरा. तेलात लसूण, कांदा, मिरची, मग शेवळं चांगली परतून घ्या. भिजवलेली चणाडाळ किंवा वाल आणि काकडाचा रस घालून मंद आचेवर पुरेसं शिजवा. ऐपतीप्रमाणे खोबरं, सुके सोडे किंवा करंदी. मुंबई-ठाण्याकडच्या सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत शेवळाला मोठा मान आहे. सोडे, कोलंबी, खिमा घालून ते हौसेनं करतात आणि त्यासाठी जुडीला चांगला पैसा मोजतात. हे पालकसभेत मुद्दाम सांगा. आपलं पोर डब्यात रानभाजी आणायला लाजतं, तीच भाजी शहरात सणासारखी वाट पाहून खातात.

सुरक्षेचे नियम (हे वाचल्याशिवाय पाठ घेऊ नका)

- वर्गात कच्चं शेवळं चाखायला देऊ नका. हात लावला तर साबणानं धुवायला लावा, डोळ्यांना हात नको.
- याच दिवसांत सापकांदाही उगवतो. त्याचं आवरण नागाच्या फण्यासारखं वाकलेलं असतं. तो भाजीचा नाही. जाणत्या माणसानं ओळखल्याशिवाय रानातलं काहीही शिजवायचं नाही.
- तोंड खाजलं तर चिंच, लिंबू किंवा ताक द्या. ओठ-घसा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर वाट न पाहता आरोग्य केंद्रात न्या.
- मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून खावं.
- रानात मुलांना एकटं पाठवू नका. पहिल्या पावसात साप-विंचू बाहेर पडतात.

मूल्यमापनासाठी प्रश्न

1. शेवळं आणि झेंडू यांत कोणतं साम्य आहे?
2. पान नसताना शेवळाला अन्न कुठून मिळतं? चित्र काढून दाखव.
3. शेवळाला वाईट वास नसता तर काय झालं असतं?
4. एका जागी 20 शेवळं आहेत. चारातलं एक ठेवायचं ठरलं तर किती तोडता येतील? 5 शेवळांची एक जुडी, तर किती जुड्या होतील?
5. आजीला विचार : ती लहान असताना शेवळं कुठे मिळायची, आणि आता कुठे मिळतात? दोन्ही जागा गावाच्या नकाशात दाखव.

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मुलांनी आणलेले नकाशे एकावर एक ठेवले की रान कुठून मागे हटलं, ते वर्गाला डोळ्यांनी दिसतं. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव असतो, तिथे भाज्यांच्या शेजारी हे नकाशेही लावा. आणि जूनचं नियोजन करताना पहिल्या आठवड्यात एक ओळ आत्ताच लिहून ठेवा : शेवळं. नंतर शोधायला गेलात तर नुसतं पान सापडेल.